रात्री दोनपर्यंत टक्क जागे, सकाळी उठवत नाही: अंगातलं मागे पडलेलं घड्याळ कसं लावायचं

आधी लक्षणं

अकराला दिवा मालवता आणि दोन वाजेपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर होता. एकदा डोळा लागला की मात्र झोप गाढ, मध्ये जाग नाही. सहाचा गजर तीनदा बंद करता. अंघोळ झाली तरी डोकं जड, दहा-अकरापर्यंत कुणी बोललेलंही नको वाटतं. सकाळी पोहे घशाखाली उतरत नाहीत आणि रात्री साडेबाराला स्वयंपाकघरात डबे धुंडाळता. सगळं घर पेंगायला लागतं तेव्हा तुम्हाला तरतरी येते. रविवारी अकराला उठता, आणि आठवड्यातली सगळ्यात वाईट रात्र रविवारचीच असते.

आता खरी खूण. सलग चार दिवस सुट्टी आहे, गजर नाही, तर दोन ते दहा छान झोप होते आणि उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? वाटत असेल तर यंत्र शाबूत आहे, फक्त वेळ चुकली आहे. पुढचं सगळं तुमच्यासाठी. आठ-नऊ तास झोपूनही अंग आंबलेलंच असेल तर बिघाड वेगळा आहे. मधलं वाचत बसू नका, थेट शेवटच्या भागावर जा.

मी डॉक्टर नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला ३१ वर्षं तिन्ही पाळ्या केल्या. माझं स्वतःचं घड्याळ पाळी बदलली की बिघडायचं, आणि ते जाग्यावर आणेपर्यंत पुढची पाळी आलेली असायची. पुढे मुलीच्या बारावीत तिचं, नोकरी बदलताना भाच्याचं, मग सोसायटीतल्या चार-पाच पोरांचं, असं करत हा एकच फॉल्ट इतक्यांदा काढला की आता क्रम पाठ झालाय. आमच्या खात्याची शिस्त अशी की आधी फ्यूज बघायचा, मग वायर, मोटर सगळ्यात शेवटी उघडायची. इथेही तेच.

बिघाड नेमका कुठे असतो

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर साधारण २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. हे मुख्य घड्याळ. झोप, अंगाचं तापमान, भूक, पोट साफ होण्याची वेळ, हे सगळं ते चालवतं. पण ते बरोबर २४ तासांचं नसतं. माणसांची सरासरी २४ तास आणि वर दहा-बारा मिनिटं भरते. म्हणजे कुणी लावलं नाही तर ते रोज थोडं मागे पडत जाणार.

मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशोबाने २० ऑगस्ट होती! मजा अशी की मनाचा हिशोब पार कोलमडला होता, अंगाचा नाही. झोपायचं-उठायचं चक्र साडेचोवीस तासांच्या आसपास आपलं चालूच होतं.

आमच्या लहानपणी कारखान्याचा भोंगा झाला की घराघरांत भिंतीवरची घड्याळं त्यावर लावून घ्यायचे. घड्याळ रोज दोन-चार मिनिटं मागे पडायचं, पण भोंगाही रोज व्हायचा, म्हणून कुणाचं अडलं नाही. अंगातल्या घड्याळाचा भोंगा म्हणजे सकाळचा उजेड. बहुतेक जण हा बिघाड रात्रीच्या बाजूने काढायला जातात, ‘आजपासून दहाला झोपणार’ म्हणून. दहाला झोप येतच नाही, कारण घड्याळाच्या मते अजून सात वाजलेत. मग छताकडे बघत तीन तास काढायचे आणि वर आपल्याला निद्रानाश झाला म्हणून घाबरायचं. लावायची चावी सकाळच्या बाजूला आहे.

पहिली तपासणी: वही. खर्च दहा रुपये.

एक आठवडा, जमलं तर दोन, फक्त लिहा: कधी आडवे झालात, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलात, गजराने की आपोआप, चहा-कॉफी किती वाजता, बाहेरच्या उजेडात कधी आणि किती वेळ होतात. काही बदलू नका. मीटर लावल्याशिवाय पाना फिरवायचा नाही.

यातून एक आकडा हवा आहे, गजराविना जाग कधी येते तो. शरीराचं तापमान त्या वेळेच्या साधारण दोन-तीन तास आधी सगळ्यात खाली गेलेलं असतं. साखरझोप म्हणतात ती याच सुमाराची. हा बिंदू लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

दुसरी: उठण्याची वेळ एकच. खर्च शून्य, त्रास भरपूर.

सोमवार ते शुक्रवार साडेसहा आणि रविवारी अकरा, म्हणजे साडेचार तासांचा फरक. उन्हाळ्यात मुंबई आणि लंडन यांच्या वेळेत एवढाच फरक असतो. दर शनिवारी विमानाने लंडनला जाऊन सोमवारी सकाळी परत कामावर यायचं, तसलाच हा प्रकार.

झोपण्याच्या वेळेची सक्ती करू नका, उठण्याच्या वेळेची करा. रविवारी फार तर एक तास सूट. पहिले तीन-चार दिवस दुपारी पेंग येईल. ती चांगलीच, रात्रीच्या झोपेचं कर्ज साठतंय. अगदीच राहवलं नाही तर तीनच्या आत वीस मिनिटं आडवे व्हा, गजर लावून. पुणेकरांची एक ते चारची वामकुक्षी या दिवसांत चालणार नाही, भले दुकान बंद ठेवा.

तिसरी: सकाळचा उजेड. दहापैकी सात जणांचा बिघाड इथेच सापडतो.

हे जरा सावकाश वाचा.

‘आमच्या घरात भरपूर उजेड असतो’ असं सगळेच म्हणतात. डोळा इथे फसवतो, कारण तो अंधाराशी आणि झळाळीशी पटकन जुळवून घेतो. एकदा कारखान्यातलं लक्स मीटर घरी आणलं होतं, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र; लक्स हे उजेडाचं माप. ट्यूबलाइट लावलेल्या बैठकीच्या खोलीत दीडशे. जुलैतल्या ढगाळ सकाळी गॅलरीत साडेचार हजार. स्वच्छ उन्हात आठ वाजता गच्चीवर तर २०,०००च्या पट्टीत आकडा मावेना. पाऊस पडत असतानाही बाहेर घरापेक्षा कित्येक पट जास्त उजेड असतो. तेव्हा ‘पावसाळ्यात ऊनच नाही’ ही सबब बाद. छत्री घ्या आणि जा.

हा उजेड ओळखणाऱ्या पेशी आपण ज्याने बघतो त्यांच्याहून वेगळ्या असतात. डोळ्याच्या पडद्यात थोड्याच असतात, त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. मोकळं आकाश नेमकं तेच देतं. म्हणूनच काही अंध व्यक्तींचंही घड्याळ उजेडावर लागतं. दिसत नसलं तरी या पेशी शाबूत असू शकतात. ज्यांच्या डोळ्यांतून काहीच पोचत नाही त्यांच्यापैकी अनेकांचं घड्याळ मात्र गुहेतल्यासारखं रोज थोडं सरकत राहतं.

तर उठल्यापासून तासाभरात अर्धा तास बाहेर. गच्ची, गॅलरी, दूध आणायला चालत जाणं, काहीही चालेल. गॉगल नको. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, डोळे जातील; आजूबाजूचा उजेड पुरतो. काचेमागे बसणं अगदीच वाया नाही, पण खिडकीपासून दोन पावलं आत आलात की आकडा धाडकन खाली येतो.

आपल्याकडची एक अडचण. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेली आहे आणि आपण देशाच्या पश्चिम टोकाला. मुंबईचा सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे चालतो, पुण्याचा सुमारे ३५. जुनी ‘मुंबई वेळ’ होती ती हाच फरक धरून, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. जानेवारीत मुंबईला सव्वासातच्या सुमाराला सूर्य उगवतो. म्हणजे पाचला उठून ट्यूबलाइटखाली अभ्यास करणाऱ्या मुलाला भोंगा ऐकूच आलेला नसतो. उठायला हरकत नाही, पण तांबडं फुटल्यावर पुस्तक घेऊन गच्चीत गेलं पाहिजे. मुलीला मी हेच करायला लावलं. ती वैतागली, पण गेली.

आता माझी चूक सांगतो. भाचा रात्रभराची नोकरी सोडून दिवसाच्या कामाला लागणार होता, हातात महिना होता. पहाटे चारला झोपायचा, दुपारी बाराला उठायचा. मी मामेपणा गाजवला आणि पहिल्याच दिवशी त्याला सहाला उठवून गच्चीत उभा केला. आठवड्याने तो म्हणाला, “मामा, आता पाचशिवाय डोळाच लागत नाही.” उपाय उलटला होता. बाराला आपोआप जाग येते म्हणजे त्याच्या तापमानाचा तळ नऊ-साडेनऊच्या आसपास. त्या बिंदूच्या नंतरचा उजेड घड्याळ पुढे आणतो, पण आधीचा उजेड घड्याळाला संध्याकाळ वाटतो आणि ते आणखी मागे जातं. मी त्याला रोज सहा वाजता मध्यरात्रीचं ऊन दाखवत होतो.

मग नीट केलं. पहिले दोन दिवस बाराला उठून लगेच बाहेर, पुढचे दोन साडेअकरा, मग अकरा, असं दर दोन दिवसांनी अर्धा तास. उठण्याआधी खोली अंधारी. सातवर यायला तीन आठवडे लागले. तुमची आपोआप जागेची वेळ नऊच्या पुढे असेल तर असंच हळूहळू करा, घाई उलटी पडते.

चौथी: दिवेलागणीनंतरचा उजेड

इथे माझं मत चारचौघांपेक्षा वेगळं आहे. सगळे मोबाइलच्या मागे लागतात. मोबाइलचा पडदा छोटा, उजेडही बेताचा. डोक्यावरची पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब त्याहून जास्त गुन्हेगार. घड्याळाला तिचा अर्थ ‘अजून दिवस आहे’ असा लागतो, आणि अंधार पडला हे अंगाला कळवणारं मेलाटोनिन उशिरा पाझरायला लागतं. झोपायच्या दोन तास आधी छतावरचे पांढरे दिवे बंद करा, डोळ्यांच्या पातळीखाली एक पिवळा दिवा ठेवा. शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. बाथरूममधला आरशावरचा दिवा विसरू नका. दात घासताना तो थेट डोळ्यांत जातो.

मोबाइल सुटला असं नाही. तो उजेडापेक्षा मजकुराने जागवतो. पडदा पिवळा करून भांडणं वाचली तर झोप कुठून येणार?

दिवसभर बाहेर उजेडात असलेल्या माणसाला संध्याकाळच्या दिव्यांचा त्रास कमी होतो. म्हणून तिसरी तपासणी चौथीच्या आधी.

पाचवी: चहा आणि जेवण

चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्त. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं अकराला अंगात फिरत असतं. झोपेचं कर्ज मेंदूला ज्या रसायनाने कळतं, त्याची जागा ते अडवून बसतं. माझा नियम: झोपायच्या आठ तास आधी शेवटचा कप. पाहुणे आले तरी.

जेवणाचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. घड्याळ फक्त मेंदूत नसतं, जवळजवळ प्रत्येक पेशीत एक छोटं घड्याळ असतं. पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटांवर काम करून त्याची दातेरी चाकं उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. यकृताचं घड्याळ उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेवर जास्त चालतं. तुम्ही सकाळी मेंदूला उजेड दाखवला आणि रात्री साडेदहाला यकृताला आमटी-भात, तर दोघांचं जमणार कसं? उठल्यावर तासाभरात काहीतरी खा, भूक नसली तरी एक केळं. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. मध्यरात्रीचे डबे बंद.

सहावी: पाळीच वाकडी असेल तर

इथून अवघड भाग. तुमच्या हातात नसलेल्या गोष्टी येतात.

पाळ्या फिरत्या असतील तर कोणत्या दिशेने फिरतात ते बघा. पहिली, मग दुसरी, मग तिसरी हा क्रम सोपा जातो, कारण घड्याळाला मागे पडायची सवयच आहे. उलटा क्रम म्हणजे दर वेळी ते ओढून पुढे आणायचं. आमच्याकडे कित्येक वर्षं उलटाच होता. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. टाइम ऑफिसला सांगून बघा, कंपनीचा पैसा लागत नाही.

सलग बरेच दिवस रात्रपाळी असेल तर पाळीच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर उजेडात राहा, पहाटे तीननंतर दिवे जमतील तेवढे मंद ठेवा आणि चहा टाळा. घरी येताना सकाळचा उजेड डोळ्यांवर कमी पडावा म्हणून टोपी, गॉगल. पण स्वतः गाडी चालवत असाल आणि पेंग येत असेल तर गॉगल नको. आधी गाडी राहू दे, कंपनीच्या बसने या. झोपायच्या खोलीच्या काचेला खाकी कागद लावा, दाराची बेल बंद करा, आणि भाजीवाल्यापासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा की बारापर्यंत हा माणूस घरात नाही.

अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांचा फॉल्ट वर्षातून दोनदा हमखास उफाळतो. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. नोव्हेंबरात न्यूयॉर्कशी आपला फरक साडेनऊ तासांचा साडेदहा होतो आणि तुमची पाळी एका रात्रीत तासभर उशिरा सरकते. तारीख आधीच ठाऊक आहे, तर आधीचे तीन-चार दिवस झोप, जेवण, उजेड रोज वीस मिनिटं सरकवा. मार्चमध्ये उलट्या दिशेने. तो बदल जास्त जड जातो, पाच दिवस धरा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. वर्षानुवर्षं करायची गोष्ट नाही ती. पर्याय असेल तर घ्या.

सातवी: पैसे खर्चायचेच असतील तर

१०,००० लक्सचे दिवे मिळतात. ज्यांना सकाळी बाहेर पडणं शक्यच नाही त्यांना उपयोग होतो. आपल्याकडे गच्ची असताना मी ते कुणाला घ्यायला सांगितलेले नाहीत. मेलाटोनिनच्या गोळ्या हा वेगळा मामला. ती गुंगी आणणारी गोळी नाही, ‘अंधार पडला’ हा निरोप आहे. चुकीच्या वेळी दिलेला निरोप घड्याळ चुकीकडे नेतो, अगदी माझ्या सहाच्या गच्चीसारखा. डॉक्टरांनी वेळ ठरवून दिली तरच. शेजाऱ्याची उरलेली पट्टी नको.

उलटा फॉल्टही असतो: संध्याकाळी आठला डोळे मिटतात, पहाटे तीनला टक्क जाग. म्हाताऱ्या माणसांत जास्त. माझ्या आईचं तसं झालं होतं. तिथे सगळं उलटं करायचं, संध्याकाळी गॅलरीत उजेडात बसवायचं आणि पहाटे अंधार ठेवायचा. मोतीबिंदू आहे का तेही बघा. पिवळी पडलेली भिंगं निळसर उजेड अडवतात.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

वरचं सगळं प्रामाणिकपणे तीन आठवडे केलं आणि वहीतले आकडे हलले नाहीत तर माझं ज्ञान संपलं. झोपेची वेळ रोज तास-अर्ध्या तासाने उशिरा सरकत अख्ख्या दिवसाला फेरी मारत असेल तरीही.

खालच्या गोष्टींत तीन आठवडे थांबायचंही नाही. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होणं. सिग्नलला थांबल्यावर किंवा गाडी चालवताना डुलकी. रात्री पाय शिवशिवतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. झोपेची गोळी घेतल्याशिवाय झोपच येत नाही अशी अवस्था. ती एकदम बंदही करू नका. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रखर दिवा नको. दोन-तीन तास झोपूनही अंगात वारं भरल्यासारखी ताकद येत असेल, बोलणं-खर्च आवरत नसेल, तर उजेडाचा उपाय ताबडतोब बंद. बायपोलर आजारात तो भडका उडवू शकतो, सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मन सतत खिन्न असेल, जगणं नको वाटत असेल तर हा घड्याळाचा बिघाड समजून एक दिवसही घालवू नका. सरकारची टेलीमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांनी आधी आपला नेहमीचा डॉक्टर गाठावा. थायरॉइड, रक्तातलं लोह, चालू औषधं एवढं तो बघेल आणि गरज वाटली तर झोपेच्या तपासणीला पाठवेल. तिथे रात्रभर तारा लावून झोपवतात, दुखत काही नाही. जाताना वही न्या. सुट्टीच्या दिवशी कधी झोपता, कधी उठता, हे विचारलंच जातं, आणि आठवून सांगितलेला आकडा तासाभराने तरी चुकतो. शिवाय शेजारी झोपणाऱ्या माणसालाही सोबत न्या. घोरण्याचं खरं उत्तर त्याच्याकडेच असतं.